संगणकशास्त्राची पदवी कशी जन्मली : एका जुन्या वादाचा इतिहास

१/
१९५७ साली ॲम्स्टरडॅम शहरात एका तरुणाने विवाहनोंदणीच्या कागदावर व्यवसाय म्हणून 'प्रोग्रामर' असे सांगितले. नगरपालिकेने ते मान्य केले नाही. असा व्यवसायच अस्तित्वात नाही, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे पडले. अखेर त्या रकान्यात 'सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ' अशी नोंद झाली. त्या तरुणाचे नाव एड्सगर डाइक्स्ट्रा. संगणकक्षेत्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार १९७२ साली स्वीकारताना त्यांनी स्वतःच ही हकिकत सांगितली.

२/
आज बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघरी पहिला प्रश्न असतो : 'कॉम्प्युटरला मिळतेय का?' जो व्यवसाय १९५७ साली सरकारी दप्तराला ठाऊक नव्हता, त्याची पदवी दोन-तीन दशकांत प्रतिष्ठेची आणि पुढे सर्वाधिक मागणीची ठरली. हे कसे घडले? विद्यापीठांनी हा विषय आपल्या अंगणात कधी आणि कोणत्या अटींवर घेतला? आणि 'पदवी हवी की नुसते कौशल्य पुरे' हा आजचा वाद खरोखर आजचा आहे का? मित्रहो, हा थ्रेड या तीन प्रश्नांविषयी आहे.

३/
सुरुवात केंब्रिजपासून करू. तेथील गणितीय प्रयोगशाळा १९३७ साली स्थापन झाली. खगोलशास्त्र, भौतिकी, रसायन अशा विषयांतील संशोधकांना किचकट आकडेमोड करून देणे हे तिचे काम. दुसऱ्या महायुद्धानंतर मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली तेथे 'एडसॅक' नावाचा संगणक उभा राहिला आणि ६ मे १९४९ रोजी त्याने पहिला प्रोग्राम चालवला. सुमारे तीन हजार निर्वात नळ्या आणि पाऱ्याने भरलेल्या नलिकांमध्ये ध्वनिलहरींच्या रूपाने जपलेली स्मृती, असे त्याचे स्वरूप होते.

४/
या यंत्राचे महत्त्व त्याच्या नळ्यांपेक्षा त्याच्या वापरात होते. ते प्रयोगशाळेतील शोभेची वस्तू नव्हते, तर विद्यापीठातील संशोधकांच्या रोजच्या कामाचे साधन होते. प्रत्येकाने आपला प्रोग्राम कागदी फितीवर छिद्रे पाडून आणायचा. कपडे वाळत घालावेत तशा त्या फिती चिमट्यांनी दोरीवर अडकवल्या जात आणि क्रमाक्रमाने यंत्रात घातल्या जात. या रांगेतून एक नवी गरज पुढे आली : यंत्र बांधणे एक, यंत्राला काम सांगणे दुसरे. हे दुसरे काम कोणीतरी शिकवायला हवे होते.

५/
विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांनी १९५१ साली प्रोग्राम कसे तयार करावेत यावर पुस्तक लिहिले; या विषयावरील ते पहिले पुस्तक समजले जाते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंब्रिजला प्रोग्रामिंगचा तीन आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरला. त्या वर्गाला हॉलंडच्या लायडन विद्यापीठातला, भौतिकशास्त्र शिकणारा एकवीस वर्षांचा एक विद्यार्थी आला होता. जाहिरात त्याच्या वडिलांच्या वाचनात आली होती. हाच तो डाइक्स्ट्रा.

६/
डाइक्स्ट्रांपुढचा पेच आजच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल. ते ॲम्स्टरडॅमच्या गणितकेंद्रात प्रोग्रामरचे काम करीत होते आणि दुसरीकडे भौतिकशास्त्राची पदवी पुरी करायची होती. भौतिकशास्त्राला शतकांची परंपरा, ग्रंथ, प्रतिष्ठा. प्रोग्रामिंगजवळ यातले काहीच नव्हते. १९५५ साली त्यांनी आपली शंका वरिष्ठ संशोधक आद्रियान व्हान वाइनगार्डन यांच्यापाशी बोलून दाखवली. त्यांचे उत्तर असे : प्रोग्रामिंग ही अजून प्रतिष्ठित विद्याशाखा नाही हे मान्य, पण तिला तशी बनवणाऱ्यांपैकी एक तू का असू नयेस? डाइक्स्ट्रांनी पदवी शक्य तितक्या लवकर आटोपली आणि प्रोग्रामिंग निवडले.

७/
मात्र, केंब्रिजने १९५३ साली सुरू केलेला पहिला अभ्यासक्रम 'संगणकशास्त्रा'चा नव्हता. त्याचे नाव होते 'संख्यात्मक विश्लेषण आणि स्वयंचलित गणन' या विषयातील पदविका. एक वर्षाचा हा पदव्युत्तर अभ्यासक्रम संगणकविषयक विद्यापीठीय प्रमाणपत्र देणारा जगातील पहिला शिकवणी अभ्यासक्रम म्हणून ओळखला जातो. 'पदविका' हा शब्द आणि 'संख्यात्मक विश्लेषण' हे नाव, दोन्ही लक्षात ठेवा. विद्यापीठाने दार उघडले होते, पण पाहुण्याला ओसरीवरच बसवले होते. मुख्य खोली अजून गणिताची होती.

८/
अशा मनुष्यबळाची मागणी एव्हाना विद्यापीठाबाहेरही होऊ लागली होती. चहाची दुकाने आणि बेकऱ्या चालवणाऱ्या जे. लायन्स या ब्रिटिश कंपनीने एडसॅकच्या धर्तीवर 'लिओ' हा स्वतःचा संगणक बांधला आणि १९५१ च्या अखेरीस त्यावर व्यापारी हिशेब सुरू केले. पाव आणि केकचा खर्च मांडणाऱ्या या यंत्रालाही प्रोग्रामर लागत होते. म्हणजे या शिक्षणाच्या जन्मापासूनच त्याची दोन मागणीपत्रे होती : एक संशोधकाचे, दुसरे मालकाचे. पुढचा सारा इतिहास या दोन मागण्यांमधल्या ओढाताणीचा आहे.

९/
आता अमेरिकेत जाऊ. १९५० च्या दशकात तेथील अनेक विद्यापीठांनी संगणक घेतले, पण ते 'गणनकेंद्रा'त ठेवले. गणनकेंद्राचा दर्जा काहीसा ग्रंथालयासारखा किंवा कर्मशाळेसारखा : सर्वांना उपयोगी, पण स्वतःचे ज्ञान नसलेला. तिथले काम करणारे लोक गणित, विद्युत अभियांत्रिकी किंवा भौतिकी विभागांच्या पगारपत्रकावर. त्यांनी प्रोग्रामिंगवर निबंध लिहिला तर बढतीच्या वेळी तो कोणत्या खात्यात धरायचा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण विद्याशाखा घडतात त्या अशाच प्रश्नांतून.

१०/
१९५९ साली लुई फाइन या सल्लागाराने एका लेखात मांडले की विद्यापीठांनी या क्षेत्रासाठी स्वतंत्र विभाग काढावा, आणि त्यासाठी 'संगणकशास्त्रे' या अर्थाचे नाव सुचवले. यंत्र असणे ही अशा विभागाची पूर्वअट नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. स्टॅनफर्डमध्ये जॉर्ज फोरसाइथ यांनी याच दिशेने चिकाटीने प्रयत्न केले. फोरसाइथ स्वतः गणितज्ञ. आधी गणित विभागाच्या आत एक उपविभाग, मग १९६५ च्या जानेवारीत स्वतंत्र विभाग, असा तो प्रवास झाला.

११/
त्याआधी, १९६२ साली, पर्ड्यू विद्यापीठाने संगणकशास्त्राचा विभाग काढला. अमेरिकेतील या नावाचा तो पहिला विभाग मानला जातो. सॅम्युएल कॉन्टे त्याचे पहिले प्रमुख. ब्रिटनमध्ये मँचेस्टर विद्यापीठाने १९६५ साली संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाला विद्यार्थी घेतले. याउलट एमआयटीसारख्या संस्थेने हा विषय विद्युत अभियांत्रिकीच्या छत्राखालीच वाढवला आणि विभागाच्या नावात 'संगणकशास्त्र' हे शब्द १९७५ साली जोडले. घर वेगळे थाटायचे की एकत्र कुटुंबात राहायचे, यावर एकमत कधीच नव्हते.

१२/
आणखी एक गोष्ट आज नवलाची वाटेल. स्टॅनफर्डमध्ये विभाग १९६५ पासून, पण तेथे पदवीपूर्व विद्यार्थ्यांना संगणकशास्त्र हा मुख्य विषय म्हणून घेता येऊ लागला तो १९८६ साली. मधली एकवीस वर्षे तो केवळ पदव्युत्तर विषय होता. आधी गणित किंवा अभियांत्रिकीची भक्कम बैठक घ्यावी आणि मग संगणकाकडे वळावे, हा विचार तेव्हा अनेकांना रास्त वाटत असे. अठराव्या वर्षी थेट संगणकशास्त्राला प्रवेश, ही आपल्याला स्वाभाविक वाटणारी पद्धत इतिहासात बरीच अलीकडची आहे.

१३/
'हे मुळात शास्त्र आहे काय?' हा आक्षेप त्या काळी उघडपणे घेतला जाई. शास्त्र निसर्गाचा अभ्यास करते. संगणक तर माणसाने बनवलेली वस्तू. मग त्याचे शास्त्र कसे? १९६७ साली ॲलन न्यूवेल, ॲलन पर्लिस आणि हर्बर्ट सायमन यांनी 'सायन्स' या नियतकालिकाला पत्र लिहून याचे उत्तर दिले. त्याचा आशय असा : जेथे जेथे घटना असतात, तेथे त्यांचे वर्णन आणि स्पष्टीकरण करणारे शास्त्र असू शकते. वनस्पती आहेत म्हणून वनस्पतिशास्त्र आहे. संगणक आहेत, म्हणून संगणकशास्त्र आहे.

१४/
उत्तर देणाऱ्या या तिघांची पार्श्वभूमी पाहा. पर्लिस गणिताचे. सायमन यांची डॉक्टरेट राज्यशास्त्रातली. न्यूवेल यांची औद्योगिक प्रशासनातली. डोनाल्ड क्नुथ यांचीही डॉक्टरेट गणितातली. म्हणजे या विषयाच्या पहिल्या पिढीतील गुरूंपैकी जवळजवळ कोणाकडेच या विषयाची पदवी नव्हती, असणे शक्यही नव्हते. प्रत्येक नव्या विद्याशाखेच्या मुळाशी असे अपात्र ठरू शकणारे शिक्षक असतात. आजच्या भरतीच्या नियमांत त्यातल्या अनेकांचा अर्ज छाननीतच बाद झाला असता.

१५/
संगणकशास्त्रातील पहिली पीएच.डी. कोणाची? इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न सावध करणारा आहे. ७ जून १९६५ या एकाच दिवशी दोन पदव्या दिल्या गेल्या : सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अर्विंग तांग यांना आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात सिस्टर मेरी केनेथ केलर यांना. त्याच वर्षाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड वेक्सेलब्लॅट यांना पदवी मिळाली आणि त्यांच्याही नावे हा मान सांगितला जातो. पदवीपत्रावर विषयाचे नाव काय होते, विभाग होता की नव्हता, यांवर 'पहिला' कोण हे बदलते. 'पहिला' हा शब्द वापरताना आपण कोणती व्याख्या गृहीत धरतो, हे सांगणे इतिहासकाराचे कर्तव्य आहे.

१६/
केलर या कॅथलिक जोगीण होत्या. पदवीनंतर त्यांनी आयोवा राज्यातील क्लार्क महाविद्यालयात संगणकशास्त्राचा विभाग उभारला आणि सुमारे वीस वर्षे चालवला. विषयाच्या आरंभी स्त्रियांची उपस्थिती अपवादात्मक नव्हती. 'एनिॲक' या युद्धकालीन संगणकाच्या पहिल्या सहा प्रोग्रामर स्त्रियाच होत्या. अमेरिकेत १९८४ च्या सुमारास संगणकशास्त्राच्या पदवीधरांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते. पुढील पंचवीस वर्षांत ते निम्म्यावर आले. त्या काळात घरगुती संगणक मुलग्यांचे खेळणे म्हणून विकले गेले, आणि लहानपणापासून सराव असलेल्यांनाच वर्ग आपला वाटू लागला, असे स्पष्टीकरण अभ्यासक देतात. पदवी कोणासाठी आहे, हे कधी कधी वर्गाबाहेर ठरते.

१७/
विभाग झाले, पण शिकवायचे काय? १९६८ च्या मार्चमध्ये एसीएम या व्यावसायिक संस्थेने एक आदर्श अभ्यासक्रम जाहीर केला. 'करिक्युलम ६८' या नावाने तो प्रसिद्ध आहे. प्रोग्रामिंगची ओळख, संगणकाची रचना, विविक्त गणित, विदासंरचना, प्रोग्रामिंग भाषा, संख्यात्मक गणित असे विषय त्यात होते. आज आपल्या विद्यापीठांत 'डेटा स्ट्रक्चर' आणि 'डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स' या पेपरांनी घाम फुटलेल्यांनी जाणावे की त्यांच्या घामाची वंशावळ येथवर जाते.

१८/
टीकाही लगेच आली. रिचर्ड हॅमिंग यांनी १९६८ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात विषयाला अभियांत्रिकीचे वळण देण्याचा आग्रह धरला. यंत्र नसते, तर आपले बहुतेक काम निव्वळ कल्पनाविलास ठरले असते, ही त्यांची भूमिका. विद्यार्थ्याने यंत्रावर हात चालवावा, व्यवहारातले प्रश्न सोडवावेत. दुसऱ्या टोकाला डाइक्स्ट्रा. त्यांनी १९८८ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध टिपणात पहिल्या वर्षाचा प्रोग्रामिंगचा वर्ग संगणकाला हातही न लावता, तर्क आणि सिद्धता यांच्या आधारे घ्यावा असे सुचवले. दोघेही ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी, दोघेही आपापल्या जागी ठाम.

१९/
आता भारताकडे वळू, आणि वळण्याचा दुवा एका माणसात आहे. हॅरी हस्की हे अमेरिकन संगणकतज्ज्ञ. त्यांनी एनिॲकवर काम केले होते, १९४७ साली ब्रिटनमध्ये ॲलन ट्युरिंग यांच्या गटात एक वर्ष काढले होते. हेच हस्की १९६३ साली कानपूरला आले. नव्याने स्थापन झालेल्या कानपूरच्या आयआयटीला तेव्हा नऊ अमेरिकी विद्यापीठांच्या संघाचे साहाय्य होते. पर्ड्यू त्यांपैकीच एक. ऑगस्ट १९६३ मध्ये तेथे 'आयबीएम १६२०' हा संगणक बसवण्यात आला.

२०/
भारतातला हा पहिला संगणक नव्हे. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ साली ब्रिटनहून यंत्र आले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तर रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण संशोधकांनी संगणक येथेच बांधला. सुमारे २,७०० निर्वात नळ्यांचे हे यंत्र १९६० साली कार्यान्वित झाले आणि १९६२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण झाले. नरसिंहन यांची डॉक्टरेटही गणितातलीच. पण कलकत्ता आणि मुंबई ही संशोधनाची केंद्रे होती. सामान्य अभियांत्रिकी विद्यार्थ्याला वर्गात बसवून हा विषय शिकवण्याची परंपरा उभी राहिली ती कानपूरला.

२१/
कानपूरच्या त्या संगणकाची एक गंमत आहे. त्यात बेरजेसाठी स्वतंत्र मंडलच नव्हते. बेरीज आणि गुणाकाराचे तक्ते स्मृतीत भरून ठेवावे लागत आणि यंत्र त्यात पाहून उत्तर देई. म्हणजे आपल्या आजोबांच्या शाळेसारखे पाढे पाठ करूनच ते हिशेब करत असे. 'याला बेरीज येत नाही आणि हा प्रयत्नही करत नाही' असा विनोद अभियंते त्याच्या नावाने करीत. अशा यंत्रावर व्ही. राजारामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्ट्रान भाषेचे वर्ग सुरू केले. देशभरातील प्रयोगशाळा, महाविद्यालये आणि कारखान्यांतून लोक कानपूरला येऊन काही दिवसांचे सघन वर्ग करून जाऊ लागले.

२२/
यंत्र एक, माणसे शेकडो. विद्यार्थी आधी कागदावर प्रोग्राम लिही, मग तो पंचकार्डांवर उतरवला जाई, एका कार्डावर एक ओळ. गठ्ठा दिल्यावर उत्तरासाठी थांबावे लागे. एक स्वल्पविराम चुकला की पुन्हा सारे पहिल्यापासून. म्हणून कार्ड देण्यापूर्वी पेन्सिल घेऊन, आपणच यंत्र आहोत असे समजून, ओळीओळीने प्रोग्राम तपासण्याची सवय जडली. डाइक्स्ट्रा ज्या शिस्तीसाठी तात्त्विक आग्रह धरत होते, ती भारतीय विद्यार्थ्याच्या अंगी टंचाईने आणली.

२३/
टंचाई पुस्तकांचीही होती. परदेशी ग्रंथ परवडत नसत. राजारामन यांनी वर्गातील टिपणांना पुस्तकाचे रूप दिले, आणि ते विद्यार्थ्यांना परवडेल अशा किमतीला निघावे यासाठी प्रयत्न केले. पुढे त्यांच्या पुस्तकांवर देशभरातील विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या. १९७१ साली कानपूरने संगणकशास्त्रात एम.टेक. आणि पीएच.डी.चा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बी.टेक. आले आणि पहिली तुकडी १९८३ साली बाहेर पडली. स्टॅनफर्डने पदवीपूर्व विद्यार्थ्यांना हा विषय खुला केला, त्याच्याही आधी.

२४/
पण बाहेर वातावरण अनुकूल नव्हते. साठच्या दशकात आयुर्विमा आणि बँकांतील कर्मचारी संघटनांनी संगणकाला कडवा विरोध केला, कारण ते यंत्र कारकुनांच्या नोकऱ्या खाईल अशी भीती होती. सरकारने स्वयंचलनाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर, आणि अहवाल आला १९७२ साली. बेरोजगारीच्या देशात संगणक निवडक ठिकाणीच असावा, असा त्या काळचा एकंदर सूर. म्हणजे एकीकडे विद्यापीठ ज्या यंत्राची पदवी देत होते, दुसरीकडे समाज त्याच यंत्राला दारात उभे करायला तयार नव्हता. त्या भीतीला हसणे सोपे आहे; ज्यांच्या घरी एकच पगार येत होता, त्यांच्यासाठी ती रास्त होती.

२५/
ऐंशीच्या दशकात चित्र पालटले. संगणक चालवणारी माणसे मोठ्या संख्येने हवीत हे ओळखून राजारामन यांच्या समितीने कोणत्याही शाखेच्या, पण गणित जाणणाऱ्या पदवीधरांसाठी एमसीएचा अभ्यासक्रम सुचवला. १९८४ च्या अखेरीस केंद्राने संगणक आयात आणि निर्मितीचे धोरण सैल केले. महाराष्ट्रात त्याआधीच, १९८३ साली, वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली होती. तोवर मोजक्या महाविद्यालयांपुरते असलेले अभियांत्रिकी शिक्षण तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले.

२६/
या विस्ताराचे मोजमाप दोन्ही पारड्यांत करायला हवे. एका पारड्यात शेतकरी, शिक्षक आणि कामगारांच्या घरांतून आलेली, पुणे-मुंबईच नव्हे तर परदेशापर्यंत गेलेली पिढी. दुसऱ्या पारड्यात शुल्कासाठी विकलेली जमीन, शिक्षकांविना चालणारे वर्ग, आणि छापील उत्तरे पाठ करून मिळवलेल्या पदव्या. पंचकार्डाच्या काळात यंत्र दुर्मिळ आणि शिक्षक मनापासून लाभलेला होता; आता प्रयोगशाळेत यंत्रांच्या रांगा आल्या आणि शिक्षक दुर्मिळ झाला. १९५३ च्या त्या दोन मागणीपत्रांपैकी मालकाचे मागणीपत्र आपल्याकडे जड झाले.

२७/
तरीही संशोधकाचे मागणीपत्र फाटले नव्हते. विजय भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातले. त्यांची पदवी नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची, तीही संगणकशास्त्राची नव्हे. त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली 'परम' हा महासंगणक उभा केला. कानपूरच्या १९८३ च्या तुकडीतले राजीव मोटवानी स्टॅनफर्डला प्राध्यापक झाले आणि त्यांच्या सैद्धान्तिक कामाला ग्योडेल पुरस्कार मिळाला. गुगलच्या संस्थापकांना विद्यार्थिदशेत त्यांचे मार्गदर्शन लाभले.

२८/
आणि मग २००२ चा ऑगस्ट. कानपूरचेच प्राध्यापक मणींद्र अग्रवाल आणि नुकतीच बी.टेक. पदवी घेतलेले दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, यांनी एक शोधनिबंध जाहीर केला. दिलेली संख्या मूळ संख्या आहे की नाही, हे खात्रीने आणि संख्येच्या अंकांच्या प्रमाणात मर्यादित राहणाऱ्या पायऱ्यांत ठरवता येते, असे त्यांनी सिद्ध केले. मूळ संख्या ओळखण्याचा प्रश्न प्राचीन. त्याच्या या रूपाचे उत्तर जगभरचे तज्ज्ञ शोधत होते. उत्तराची मांडणी अवघ्या काही पानांची होती, आणि ती तपासायला संगणक लागत नव्हता. २००६ साली या कामाला ग्योडेल पुरस्कार मिळाला.

२९/
जेथे १९६३ साली पाढे पाठ केलेले यंत्र आले, तेथे चार दशकांच्या आत पदवीच्या विद्यार्थ्यांनी असे काम केले. फोर्ट्रानची ती आवृत्ती, ती कार्डे, ते यंत्र सारे कालबाह्य झाले होते. टिकले ते प्रश्नाला भिडण्याचे वळण. पण लगेच असा निष्कर्ष काढू नये की कौशल्य गौण आणि सिद्धान्त श्रेष्ठ. कानपूरच्या वर्गांना पैसा, यंत्र आणि मान्यता मिळाली, त्यामागे देशाला प्रोग्रामर हवेत ही व्यवहाराची गरज होती. लायन्सच्या पावांच्या हिशेबाशिवाय आणि नोकरीच्या आशेशिवाय हे विभाग इतके वाढले नसते.

३०/
आज यंत्रच प्रोग्राम लिहून देऊ लागले आहे, आणि 'आता ही पदवी कशाला?' असा प्रश्न विद्यार्थी धास्तावून विचारतात. इतिहास भविष्य सांगत नाही. पण एवढे दाखवतो की या पदवीच्या अस्तित्वावर शंका घेतली गेली नाही असे एकही दशक नाही. पन्नाशीत तिला व्यवसाय मानत नव्हते, साठीत शास्त्र मानत नव्हते, सत्तरीत आपल्याकडे ती नोकऱ्या खाणारी होती, ऐंशीनंतर ती नोकरी देणारी झाली. दर वेळी तिने उत्तर दिले ते अभ्यासक्रम बदलून. म्हणून आपल्या विद्यापीठात आज कोणते पेपर वगळले जात आहेत आणि कोणते येत आहेत, याकडे विद्यार्थ्यांनी शुल्काइतकेच बारकाईने पाहायला हवे.

३१/
शेवटी एक विनंती. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत पहिला संगणक कधी आला, तो कोणी शिकवला, पहिल्या तुकडीत मुली किती होत्या, प्रश्नपत्रिका कशा होत्या, याच्या नोंदी फार थोड्या ठिकाणी जपल्या आहेत. ज्यांनी पंचकार्डे हाताळली ते प्राध्यापक आता निवृत्त आहेत. जुनी पंचकार्डे, सायक्लोस्टाइल टिपणे, पहिल्या वर्षांचे अभ्यासक्रम घराघरांतून रद्दीत जात आहेत. तुमच्या ओळखीत असे कोणी असेल, तर त्यांच्याशी बोला, तारीख-वार लिहून घ्या, कागदांची छायाचित्रे काढा. केंब्रिजच्या दोरीवरच्या फितींची आठवण आज आपल्याला आहे, कारण ती कोणीतरी लिहून ठेवली. आपल्या प्रयोगशाळांतल्या आठवणी लिहिण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.